तारांतोची ओळख

लखनौला आमचं सामान ट्रकमधून उतरत होतं तेव्हाची गोष्ट. कपाट जिन्यात अडकलं होतं, हमाल एकमेकांवर ओरडत होते, मी हमालांवर ओरडत होते, आणि खालच्या मजल्यावरच्या दारात एक ठेंगणी, गोरी बाई हातात पाण्याचा तांब्या घेऊन हे सगळं शांतपणे बघत उभी होती. माझ्या तोंडून "अगं बाई, आरसा!" एवढं निघालं मात्र, त्या बाईंचा चेहरा एकदम उजळला.

"मराठी? मूळच्या कुठल्या?"

"साताऱ्याच्या," मी म्हटलं. माझं सगळं लक्ष कपाटाकडे.

"माहेरच्या की सासरच्या?"

"माहेरच्या. अहो, पण ते कपाट..."

"ते होतंय गं. आईचं माहेर कुठलं?"

कपाट जिन्यातच होतं, आणि या बाईंनी माझ्या मोठ्या मामीची बहीण शोधून काढली. ती कऱ्हाडला शाळेत त्यांच्या शेजारी बाकावर बसायची म्हणे. "बघ! म्हणजे घरचीच निघालीस," असं म्हणून त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला आणि हमालांकडे वळल्या. "भैया, सीधा नहीं जाएगा. तिरछा करो, तिरछा." कपाट वर गेलं. मी पाणी प्यायले. आठल्येकाकूंच्या घरात मी शिरले ती अशी, आणि पुढे जितकी वर्षं इंदिरा नगरला राहिले तितकी वर्षं मला तिथून बाहेर पडता आलं नाही.

काका रेल्वेच्या संशोधन कार्यालयातून निवृत्त झालेले. मी त्याच कार्यालयात बदली होऊन आलेली. त्यांचं सगळं आयुष्य मानक नगरच्या क्वार्टरमध्ये गेलं होतं, आणि निवृत्तीनंतर त्यांनी हा फ्लॅट घेतला होता. काका फार बोलत नसत. त्यांच्या वाटचंही काकू बोलायच्या. मराठीत सुरू करायच्या, मधेच हिंदीत शिरायच्या आणि परत मराठीत यायच्या. मधे दम म्हणून घ्यायच्या नाहीत.

काकूंचा एकच धंदा होता, ओळख काढणे. लखनौत मराठी माणूस दिसला, मग तो लष्करातला असो नाहीतर बँकेतला, की त्याला तीन प्रश्न. मूळचे कुठले, आजोळ कुठलं, तिथं अमुक अमुक माहीत आहेत का. तिसऱ्या प्रश्नाला माणूस हमखास सापडायचा. "ओळख निघते गं, काढणारा पाहिजे," असं त्या म्हणायच्या. आणि ही ओळख नुसती चहापुरती नसायची. तिचा वापर व्हायचा. चारबागला गाडीत कोणाची म्हातारी एकटी बसवायची असेल तर काकू डब्यात चढून समोरच्या बाकावरच्यांची चौकशी करायच्या, आणि गाडी सुटेपर्यंत ती म्हातारी समोरच्या कुटुंबाची आजी झालेली असायची. हिंदी माणसांनाही सोडायच्या नाहीत. "भैया, आप कहाँ के?" हा प्रश्न त्यांनी रिक्षावाल्यापासून सर्जनपर्यंत सगळ्यांना विचारलेला मी ऐकलाय.

एकदा एअरफोर्समधल्या एका मुलाची नवी नवरी काकूंकडे येऊन रडत बसली. नवरा घरात बोलतच नव्हता. मी तिथंच होते. माझा सल्ला तयार होता, तू पण बोलू नकोस! काकूंनी मला गप्प केलं आणि तिला विचारलं, "त्याचं आजोळ कुठलं?"

इचलकरंजी निघालं. काकूंच्या वहिनीचं माहेर इचलकरंजी. दोन फोन झाले, त्या मुलाची मावशी सापडली. ती मावशी त्याला फोनवर काय बोलली ते देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी तो बायकोला स्कूटरवर बसवून हजरतगंजला चाट खायला घेऊन गेला.

"काय सांगितलं हो मावशीनं?" मी विचारलं.

"मला काय करायचंय? मी फक्त ओळख काढली," काकू म्हणाल्या. वर्तमानपत्रामागून काकांचा आवाज आला, "अगं, सगळं जग म्हणजे कऱ्हाड नव्हे." काकूंनी तिकडे लक्षच दिलं नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी मुग्धा. लखनौतच वाढलेली, त्यामुळे मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत. शिकायला इटलीला गेली आणि तिथल्याच मार्कोशी लग्न केलं. लग्न तिथल्या नगरपालिकेच्या कचेरीत झालं. ते काका-काकूंनी मोबाइलवर पाहिलं. ऐन वेळी नेटवर्क गेलं, आणि परत आलं तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. "लागलं वाटतं," काका म्हणाले. एवढंच त्यांचं कन्यादान.

पण जावई काकूंना फार आवडला होता. लग्नानंतर एकदा थंडीत दोघं लखनौला आली होती. काकूंना इंग्रजी येत नाही, त्याला हिंदी येत नाही. तो सकाळपासून स्वयंपाकघरात लाकडी स्टुलावर बसून मटार सोलायचा. निम्मे खायचा. काकू त्याच्याशी मराठीत बोलायच्या, तो इटालियनमध्ये उत्तर द्यायचा आणि दोघांचं झकास चालायचं. ते कौतुक मी इतक्या वेळा ऐकलं होतं, की मटार म्हटलं की मला मार्को आठवतो.

मग एका दुपारी काकू वर आल्या. हातात काही नव्हतं. हातात वाटी नाही, डबा नाही, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं.

"मुग्धाचं ठीक नाही गं," खुर्चीच्या कडेवर बसत त्या म्हणाल्या. "तो घर सोडून गेला. त्याच्या गावी, आईकडे. वकिलाकडे कागद गेलेत म्हणे."

"भांडण झालं?"

"तेच तर! भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. ही म्हणते, भांडण झालंच नाही. मग मिटवायचं काय?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या, जसं काही मला माहीत असावं. "विचारलं की म्हणते, मम्मी छोड़ो ना, तुम नहीं समझोगी. मला इंग्रजीत भांडता येत नाही, त्याला समजावता येत नाही. आणि तिथं आपलं आहे कोण, सांग मला? एक माणूस नाही."

पुढचे काही दिवस काकूंनी जंग जंग पछाडलं. मिरजेच्या कोणाचातरी भाचा जर्मनीत होता. मी म्हटलं, "काकू, जर्मनी वेगळा देश आहे." "लांब आहे का फार?" "कोल्हापूर ते लखनौ तरी असेल." तरी त्यांनी त्याला फोन लावला. तो बिचारा कॉम्प्युटरवाला. सांगाल ते करतो म्हणाला, आणि काय करायचं ते कोणालाच सुचेना.

आणि एके दिवशी काकू मला म्हणाल्या, "मला तो मोबाइलवरचा इटालियन पास्त्याचा क्लास लावून दे. घरी करतात तो."

मला बरं वाटलं. म्हटलं, चला, मन रमेल. मी क्लास शोधायला बसले, काकू शेजारी. एक बाई निघाली, छान हसरी.

"ही कुठली?"

"फ्लॉरेन्सची."

"नको. ही?"

"रोमची. काकू, चांगली आहे हो."

"नको. पुढची."

"काकू, क्लास बघताय की सोयरीक?"

मी पुढे सरकवत राहिले. खाली खाली एक बाई आली. रोझा नाव, पिकलेले केस, मागे टाइल फुटलेलं स्वयंपाकघर. तारांतोची.

"हीच," काकू म्हणाल्या. "मार्कोच्या गावची."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी काकूंचं नाव भरलं.

दर शनिवारी संध्याकाळी क्लास. काकू इस्त्रीची साडी नेसायच्या, केस सारखे करायच्या आणि टॅब तूरडाळीच्या डब्याला टेकवून उभा करायच्या. बाकीची मंडळी बनियनवर, बर्मुड्यावर. काकू एकट्याच जणू कोणाच्या घरी कार्याला आलेल्या. माझं काम दुभाष्याचं. माझं इंग्रजी चाचणी अहवाल लिहिण्याचं. त्यात कणीक कशी तिंबायची ते सांगताना घाम फुटायचा.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. रोझाबाईंनी सांगितलं, बारीक रवा आणि कोमट पाणी, बस. काकूंनी सवयीनं कढल्यात तेल कडकडीत तापवलं आणि चर्रकन रव्यावर ओतलं. रोझाबाई पडद्यावर किंचाळल्याच.

"काय म्हणतात?"

"मोहन घालायचं नाही म्हणतात."

"मोहन नाही? मग खुसखुशीत कसं होणार?"

"खुसखुशीत करायचंच नाहीये, काकू!"

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच पाक बिघडवला आहे. दुसऱ्यांदा रवा भिजला. पाण्यानं. मग मात्र रोझाबाईंना बघत राहावं लागलं, कारण काकूंनी तो गोळा बत्त्यानं कुटायला घेतला, आमच्याकडे शेवयांचा कुटतात तसा. रोझाबाई खुर्ची ओढून पुढे सरकल्या. चांगलं चाललंय, चालू द्या, म्हणाल्या.

तिसऱ्या का चौथ्या शनिवारी त्यांनी त्यांच्या गावचा खास प्रकार काढला. कानाच्या पाळीसारखा. चिमूटभर गोळा पाटावर ठेवून अंगठ्यानं दाबायचा, ओढायचा आणि उलटा करायचा. बाकीची माणसं चरफडत होती, एकाचाही आकार जमेना. काकूंनी एकदा पाहिलं आणि हसायलाच लागल्या.

"अगं, या तर आपल्या नखुल्या! सांग त्यांना. लग्नात करतो आपण. गव्हले, मालत्या, नखुल्या. चार बायका बसायच्या आणि गप्पा मारता मारता परात भरायची."

मी सांगितलं. काकूंचा अंगठा सटासट चालत होता, ताटात कान पडत होते. रोझाबाईंनी सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाल्या, आता या बाईंकडे बघा. जगभरच्या चौकोनांतली माणसं लखनौच्या ओट्याकडे बघायला लागली. काकू नव्या नवरीसारख्या लाजल्या. त्या दिवशी मला वाटलं, जमलं! आता ओळख निघाली. मीसुद्धा कुठंतरी विश्वास ठेवायला लागले होते, हे खरं.

"आज विचारायचं का?" मी कुजबुजले.

"आज नको. आधी ओळख मुरू दे. लगेच कामाचं बोलू नये, माणूस बिचकतं."

असे त्यांनी शनिवार जाऊ दिले. तिकडे वकिलाचे कागद पुढे सरकत होते. मुग्धा फोनवर तेवढंच सांगायची, अगला महीना, शायद. मी काकूंना म्हणायचे, घाई करा हो, आणि मग स्वतःलाच विचारायचे, कशाची घाई? पण घाई मलाही लागली होती.

शेवटी एकदा क्लास संपला, बाकीचे गेले, आणि काकूंनी हात वर करून रोझाबाईंना थांबवलं.

"विचार त्यांना, मार्को रिझ्झोच्या घरचे कोणी माहीत आहेत का. मुलाचे वडील बंदरावर कामाला होते. घराखाली औषधाचं दुकान आहे."

रोझाबाई हसल्या. गल्लीगल्लीत रिझ्झो आहेत म्हणाल्या. काकूंना हे उत्तर अपेक्षितच होतं. कऱ्हाडला कुलकर्णी थोडे आहेत का? त्यांनी पदर खोचला आणि सगळं सांगायला सुरुवात केली. मी वाक्यावाक्याला भाषांतर करत होते. मुलगी एकटी आहे. जावई वाईट नाही हो. मारहाण नाही, दारू नाही. कोणीतरी मोठ्या माणसानं दोघांना समोर बसवलं पाहिजे. तुम्ही गावच्या. त्याच्या आईला नुसतं भेटून या. तुमच्यासारखीच असेल ती. सांगा की मुलीची आई म्हणते, एकदा बोला.

"आणि सांग, मटार सोलायचा तो माझ्याजवळ बसून."

हे इंग्रजीत कसं सांगायचं? सांगितलं कसंतरी.

रोझाबाईंचं हसू केव्हाच गेलं होतं. त्यांनी फडक्याला हात पुसले, परत पुसले. मग हळूहळू बोलल्या. त्यांनी तारांतो सोडून कितीतरी वर्षं झाली होती. आता लिस्बनला राहतात, एका खोलीत. त्यांचा नवरा तारांतोलाच आहे, दुसरीबरोबर. तिथं जिला फोन करावा अशी एकही बाई आता राहिलेली नाही. सॉरी म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या.

मी काकूंना सांगितलं. काही गाळलं नाही, गाळून काय उपयोग होता?

"त्या सॉरी का म्हणतात? त्यांची काय चूक?" काकू म्हणाल्या. मला वाटलं, आता रडतील. पण त्यांनी विचारलं, "मग रात्री त्यांच्याबरोबर जेवायला कोण असतं? विचार."

मी विचारलं. रोझाबाईंनी कोणी नाही अशी मान हलवली.

"अगं बाई," काकू म्हणाल्या.

पुढचे शनिवारही त्यांनी सोडले नाहीत. मी म्हटलं, आता कशाला? "त्या एकट्या असतात ना गं," म्हणाल्या. "गरजेपुरतं बोलले असं वाटायला नको."

मुग्धा आली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. कागद झाले होते. पंधरा दिवसांची सुट्टी काढून एकटी येत होती. ती यायच्या आधी गच्चीवर खाटेला पांढरं धोतर अंथरून काकूंनी नखुल्या वाळत घातल्या आणि हातात काठी घेऊन उन्हात बसल्या, कारण इंदिरा नगरची माकडं धोतरासकट नेतील. मी कपडे वाळत घालायला गेले होते.

"लग्नात करायच्या राहिल्या होत्या," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "आता करते."

मला राग आला. कुणावर यायचा ते कळेना, म्हणून मी माकडावर ओरडले.

मुग्धा आली त्या रात्री त्यांनी मलाही जेवायला बोलावलं. मी नको म्हणत होते, पण काकूंना बहुधा चौथं माणूस हवं होतं. टेबलावर टोमॅटोचा रस्सा, त्यात त्या नखुल्या, वरून हिरवेगार मटार. मुग्धा वाळली होती. तिनं काट्यावर एक नखुली उचलली आणि दिव्याकडे धरून बघितली.

"ये किसने सिखाया, मम्मी?"

"तारांतोच्या बाईंनी. क्लास लावला होता मी."

मुग्धानं ती खाल्ली. परत एक खाल्ली. "उसकी मम्मी बिलकुल ऐसे ही बनाती हैं," म्हणाली.

"छान झालंय," काका म्हणाले. जेवणाबद्दल काका कधीच काही म्हणत नसत, त्यामुळे ते फारच वाईट वाटलं. काकू तिच्याकडे बघत उभ्या होत्या. मला वाटतं, त्या अजूनही वाट बघत होत्या. हे खाऊन काहीतरी होईल. काय होईल ते त्यांनाही माहीत नसणार.

मुग्धानं काटा खाली ठेवला.

"आई, वरण-भात आहे का?"

लहानपणापासून मम्मी म्हणणारी मुलगी.

"आहे ना, आहे ना," काकू म्हणाल्या. नव्हता. त्यांनी कुकर लावला आणि आम्ही चौघं शिट्ट्या मोजत बसलो. मग मुग्धानं हातानं कालवून वरण-भात खाल्ला, तूप घालून, लिंबू पिळून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती जेवत होती. काकू वाढत राहिल्या, नुसत्या वाढत राहिल्या, शेवटी मुग्धानं ताटावर हात आडवा धरला.

उरलेल्या नखुल्या दुसऱ्या दिवशी डब्यातून आमच्याकडे आल्या. माझ्या नवऱ्यानं दोनदा मागून घेतल्या. खरंच छान झाल्या होत्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आमची बदलीची ऑर्डर आली. काकूंचा फोन अजून येतो, इथं कोण कोण मराठी आहे याची चौकशी होते. पण माझ्या डोळ्यांसमोर काकू येतात त्या विमानतळावरच्या, मुग्धाला सोडायला गेलो होतो तेव्हाच्या. काकांना दगदग नको म्हणून मी बरोबर गेले होते.

तिकीट नसलेल्यांना दाराच्या आत सोडत नाहीत. मुग्धा बॅग घेऊन रांगेत उभी राहिली. काकू कठड्याला धरून रांगेतल्या एकेका माणसाचा चेहरा निरखत होत्या.

"तिकडचं कोणी दिसतंय का गं?" त्यांनी मला विचारलं.

"इथं कसं दिसेल, काकू?"

मुग्धाच्या मागे एक मुलगी उभी होती, पाठीवर बॅग, कानात वायरी. काकूंनी कठड्यावरून वाकून तिच्या दंडाला हात लावला. तिनं दचकून वायर काढली.

"बेटा, कहाँ तक जा रही हो?"

"दिल्ली तक, आंटी."

"ये मेरी बेटी है. दिल्ली तक ज़रा इसका ध्यान रखना, हाँ?"

मुग्धा चाळिशीला आलेली, चौदा वर्षं परदेशात काढलेली, एकटीनं जग फिरलेली. ती "मम्मी, प्लीज़" म्हणेल असं मला वाटलं. तिनं बॅग बाजूला घेऊन त्या मुलीला जवळ जागा केली. त्या मुलीनं मुग्धाकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि म्हणाली, "जी आंटी, ज़रूर." मग दोघी आत गेल्या. काचेतून बराच वेळ दिसत होत्या, मग दिसेनाशा झाल्या.

परत येताना काकू टॅक्सीत खिडकीशी बसल्या. "दिल्लीपर्यंतचं झालं," म्हणाल्या. मी त्यांचा हात हातात घेतला. अंगठ्याचं टोक रव्यानं खरखरीत झालं होतं. गाडी चारबागच्या गर्दीत अडकली. काकूंनी ड्रायव्हरच्या पाठीकडे बघत सवयीनं विचारलं, "भैया, आप कहाँ के?"

"हरदोई के हैं, माताजी," तो खूश होऊन म्हणाला. पुढच्या प्रश्नाची वाट बघत त्यानं आरशातून मागे बघितलं. "आपका कोई है उधर?"

"नहीं भैया," काकू म्हणाल्या. "ऐसे ही पूछा."